छोट्या छिद्राची किंमत

उर्से हे मावळ तालुक्यातले गाव. जवळून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो, त्यावर टोलनाका आहे. आसपास विजेच्या केबलींपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत नाना वस्तू बनवणारे कारखाने आहेत, आणि उरलेल्या खाचरांतून अजूनही इंद्रायणी भात पिकतो. इथल्या शाळेत येणाऱ्या मुलांचे पालक कुणी कारखान्यात कायम नोकरीवर, कुणी कंत्राटी कामावर, तर कुणी शेतीवर राबणारे आहेत.

समजा, अशा एखाद्या पालकाला फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि सुदैवाने तो लवकर सापडला. डॉक्टर सांगतात, "फुप्फुसाचा गाठ असलेला भाग काढून टाकावा लागेल. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, छाती उघडून. दुसरा, छोट्या छिद्रांतून दुर्बीण घालून. दुसऱ्यात जखम लहान, दुखणे कमी आणि माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. पण खर्च जास्त येईल." घरची माणसे बुचकळ्यात पडतात. कापायचे कमी, तर पैसे जास्त का?

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात शरीरशास्त्र, भौतिकी आणि अर्थशास्त्र असे तिन्ही विषय येतात. गावात रुग्णालयाचा अंदाजपत्रकाचा कागद वाचून घ्यायला लोक बहुधा शिक्षकांकडेच येतात. म्हणून हे उत्तर आपण जरा सविस्तर पाहू या.

पिंजऱ्यातले फुप्फुस

आपली फुप्फुसे बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. कर्करोगाची गाठ एका खंडापुरती असेल तर सहसा तो सबंध खंड, आसपासच्या लसिका ग्रंथींसह, काढतात. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या काही लहान गाठींसाठी खंडाचा एखादा भाग काढणेही पुरते, असे जपान आणि अमेरिकेतल्या अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. खंड काढायचा म्हणजे त्याला रक्त पुरवणारी रोहिणी, त्यातून रक्त परत नेणारी नीला आणि त्यात हवा नेणारी श्वसनी, या तिन्ही वाटा बंद करून तोडायच्या. यांतल्या रक्तवाहिन्या थेट हृदयाशी जोडलेल्या असतात. तिथे चूक झाली तर काही मिनिटांत जिवावर बेतते.

खुल्या शस्त्रक्रियेत पंधरा-वीस सेंटिमीटर लांबीचा छेद घेऊन दोन बरगड्या एका चिमट्याने फाकवतात. दुखण्याचे मुख्य कारण त्वचेवरचा छेद नव्हे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि त्या खाचेतून एक मज्जातंतू जातो. बरगड्या फाकवताना तो दाबला जातो, ताणला जातो. म्हणून जखम भरली तरी काही रुग्णांना महिनोन् महिने, खोकताना किंवा हात वर करताना, कळा येत राहतात. दुर्बिणीच्या पद्धतीत बरगड्या फाकवत नाहीत. दोन बरगड्यांमधल्या फटीतून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून, म्हणजेच मज्जातंतूपासून शक्य तितके दूर राहून, हत्यारे आत घालतात. तोडलेला खंड एका पिशवीत भरून तीन-चार सेंटिमीटरच्या छेदातून बाहेर ओढतात. फुप्फुस स्पंजासारखे दबत असल्याने हे जमते.

इथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. पोटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवावे लागते. छातीत बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. असे का? पोटाची भिंत मऊ असते, ती आतल्या आतड्यांवर बसते आणि हालचालीला जागा उरत नाही. बरगड्यांचा पिंजरा मात्र ताठ असतो. फुप्फुस आणि पिंजरा यांच्यामध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि त्यामुळेच फुप्फुस फुगलेले राहते. छिद्र पाडले की बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस आपल्याच लवचिकतेने आक्रसते आणि पिंजऱ्यात आपोआप मोकळी पोकळी तयार होते.

पण एक फुप्फुस आक्रसलेले असताना दुसऱ्याने श्वास चालू ठेवावा लागतो. त्यासाठी भूलतज्ज्ञ दोन पोकळ्या असलेली खास नळी घशातून घालतात, म्हणजे दोन्ही फुप्फुसांची हवा वेगवेगळी नियंत्रित करता येते. ही नळी, ती नीट बसली का हे पाहण्याची बारीक दुर्बीण आणि ते काम सरावाने करणारा भूलतज्ज्ञ हा खर्च खुल्या शस्त्रक्रियेतही असतोच.

क्षयाच्या वाटेने आलेली दुर्बीण

छातीत दुर्बीण घालण्याची कल्पना कर्करोगासाठी निघालेली नाही. स्टॉकहोममधील हान्स ख्रिश्चन याकोबेउस या डॉक्टराने १९१० साली मूत्राशय तपासण्याची दुर्बीण पोटात आणि छातीत घालून पाहिली. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरून ते आक्रसवत असत. पण क्षयामुळे फुप्फुस अनेकदा छातीच्या भिंतीला चिकटलेले असे आणि मग ते आक्रसत नसे. याकोबेउसने दुर्बिणीतून पाहत हे चिकटलेले पट्टे तोडायला सुरुवात केली. १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, पाठोपाठ इतर औषधे आली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

फुप्फुसाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया वेगळ्या वाटेने आली. अमेरिकेतील सेंट लुइस इथे एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी एका रुग्णाचे संपूर्ण फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढले. हा रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगला. १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या महत्त्वाच्या अभ्यासात ग्रॅहॅम यांचाही वाटा होता. ते स्वतः दीर्घकाळ सिगारेट ओढत असत. १९५७ साली फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांचा मृत्यू झाला.

या दोन वाटा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र आल्या. दुर्बिणीला छोटा व्हिडिओ कॅमेरा जोडता येऊ लागला, त्यामुळे एकट्या सर्जनऐवजी सगळ्या चमूला आतले दृश्य पडद्यावर दिसू लागले. प्रकाश आत नेण्यासाठी काचतंतूंची जुडी होती. (काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे १९५४ साली दाखवणाऱ्या दोघांपैकी एक, नरिंदर सिंग कपानी, पंजाबातले.) आणखी एक वस्तू आली, ती म्हणजे लांब दांड्याचा स्टेपलर. आपल्या खर्चाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वस्तूत आहे.

बिलात काय असते?

कार्यालयातल्या स्टेपलरने आपण कागद टाचतो. शस्त्रक्रियेचा स्टेपलर रक्तवाहिनी किंवा श्वसनी जबड्यात धरतो, दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या टाचण्यांच्या तीन-तीन ओळी मारतो आणि त्याच क्षणी मधून पाते फिरवून ती तोडतो. म्हणजे दोन्ही टोके बंद आणि मध्ये काप. छाती उघडी असताना सर्जन हाताने रेशमी दोरा बांधून हेच काम करू शकतो. दोऱ्याला फारसे पैसे पडत नाहीत. तीन सेंटिमीटरच्या छिद्रातून गाठ मारणे अशक्य नाही, पण त्याला वेळ आणि विशेष कौशल्य लागते. म्हणून तिथे स्टेपलरवर भिस्त असते. त्याचे काडतूस एकदाच वापरता येते, एका काडतुसाला काही हजार रुपये पडतात आणि एका शस्त्रक्रियेत अशी पाच-सहा काडतुसे सहज लागतात. दांडा वेगळा. खुल्या शस्त्रक्रियेतही आता स्टेपलर वापरतात, पण तिथे दोऱ्याचा पर्याय हाताशी असतो.

याशिवाय रक्तवाहिन्या उष्णतेने बंद करणारे विजेवरचे हत्यार, खंड बाहेर काढण्याची पिशवी, दुर्बीण-कॅमेरा-पडदा हा संच आणि त्याची निगा हा खर्च असतो. सर्जन नवशिका असेल तर शस्त्रक्रियागृहाचे तासही वाढतात. यांतल्या एकदाच वापरायच्या वस्तू प्रत्येक रुग्णाच्या बिलात जशाच्या तशा येतात. कॅमेऱ्यासारख्या टिकाऊ वस्तूंची किंमत मात्र रुग्णांमध्ये वाटली जाते, आणि ती वाटणी किती रुग्णांत होते यावर बरेच अवलंबून असते.

रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत हे ठळकपणे दिसते. यात यंत्र स्वतः शस्त्रक्रिया करत नाही. सर्जन बाजूला बसून यंत्राचे हात हलवतो. केवळ गणितासाठी असे धरू की यंत्राची किंमत १२ कोटी रुपये आहे, ते १० वर्षे चालते आणि देखभालीला वर्षाला ८० लाख रुपये लागतात. म्हणजे वर्षाचा खर्च २ कोटी. वर्षाला ४०० शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येक रुग्णावर ५० हजारांचा भार पडेल. १०० झाल्या तर हाच भार २ लाखांवर जाईल. यंत्र तेच, शस्त्रक्रियाही तीच, तरी भार चौपट. शिवाय रोबोची अनेक हत्यारे ठरावीक वेळाच वापरता येतात. यंत्र ती मोजणी ठेवते आणि संख्या भरली की हत्यार चालत नाही.

एवढ्या खर्चातून रुग्णाला काय मिळते? शांघायमध्ये ३२० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत रोबो आणि साधी दुर्बीण यांची तुलना केली होती. गुंतागुंत आणि रुग्णालयातला मुक्काम दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. खर्च मात्र साध्या दुर्बिणीला साधारण ८ हजार डॉलर, तर रोबोला जवळजवळ १३ हजार डॉलर आला. काही अवघड शस्त्रक्रियांत रोबोचे वळणारे मनगट उपयोगी पडते, हे खरे. पण उर्से गावातल्या आपल्या रुग्णाला कुणी "रोबो नसेल तर उपचार कमअस्सल" असे सांगितले, तर त्याला आज पुरेसा आधार नाही.

बिलाबाहेर काय असते?

आता दुसरी बाजू पाहू. छिद्र लहान असल्याचा फायदा खरोखर होतो का, हे तपासणे वाटते तितके सोपे नाही. आपली जखम लहान आहे हे रुग्णाला ठाऊक असले तर "दुखणे कमी आहे" असे तो आशेपोटीही सांगू शकतो. डेन्मार्कमध्ये २०० हून थोड्या अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत यासाठी एक साधी युक्ती केली होती. शस्त्रक्रिया कोणतीही असो, सर्वांच्या छातीवर सारखेच मलमपट्टीचे आवरण घातले. आपली जखम मोठी की लहान हे रुग्णालाही कळत नव्हते आणि दुखणे मोजणाऱ्यालाही. तरीही दुर्बिणीच्या गटात दुखणे कमी निघाले. विज्ञानाच्या तासाला "न्याय्य तुलना म्हणजे काय" हे सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

ब्रिटनमध्ये २०१५ ते २०१९ या काळात ५०३ रुग्णांवर अशीच मोठी चाचणी झाली. मुक्काम सरासरी पाचऐवजी चार दिवसांचा झाला. रुग्णालयात असताना गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेत १०० मागे ४४ होते, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ३३. पाच आठवड्यांनंतर दुर्बिणीच्या गटातल्या रुग्णांची कामे करण्याची ताकद अधिक होती. कर्करोग काढण्यात कुठे कमतरता राहिल्याचे दिसले नाही. सगळा हिशेब केल्यावर वर्षभराचा एकूण खर्च दुर्बिणीच्या गटातच कमी भरला.

मग प्रश्न मिटला का? ब्रिटनमध्ये मिटला असेल. तो निष्कर्ष उर्से गावात आणताना मात्र पौंडाचे रुपये करून भागत नाही. हा या लेखाचा कळीचा मुद्दा आहे, म्हणून तो आकडे घेऊन पाहू. पुढचे आकडे केवळ गणितापुरते कल्पिलेले आहेत.

धरून चाला की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत साहित्याचा खर्च ६० हजार रुपयांनी जास्त येतो. बचत अशी:

मुक्कामाचा एक दिवस वाचला: ५,००० रुपये.
तीन आठवडे आधी कामावर हजर, म्हणजे १८ दिवस, रोज ७०० रुपये मजुरी: १२,६०० रुपये.
सोबतच्या नातेवाइकाचे ६ दिवस वाचले, रोज ५०० रुपये: ३,००० रुपये.
गुंतागुंतीची शक्यता १०० मागे ११ ने कमी. एका गुंतागुंतीचा खर्च सरासरी ४०,००० रुपये धरला, तर प्रत्येक रुग्णामागे अपेक्षित बचत: ४,४०० रुपये.

एकूण बचत २५,००० रुपये. जादा खर्च ६०,०००. म्हणजे पैशांत पाहता दुर्बीण ३५,००० रुपयांनी महागच पडते.

हाच हिशेब रोज २,००० रुपये मिळवणाऱ्या माणसासाठी करा. १८ दिवसांचे ३६,००० रुपये होतात, एकूण बचत ४८,४०० आणि तफावत ११,६०० वर येते. रुग्णालयातला दिवस जिथे खूप महाग आहे अशा देशात तीच बाकी उलटी होते. कारण स्टेपलरचे काडतूस जगाच्या बाजारभावाने मिळते, तर परिचारिकेचा पगार, खाटेचे भाडे आणि मजुराचा रोज इथल्या भावाने ठरतो. जिथे माणसाचा वेळ महाग तिथे वेळ वाचवणारी वस्तू परवडते. जिथे माणसाचा वेळ स्वस्त, तिथे तीच वस्तू चैनीची ठरते.

या हिशेबात एक अन्याय दडलेला आहे आणि तो मुलांना दाखवायला हवा. ज्याची मजुरी कमी त्याच्या आरामाची किंमत कमी, असे हे गणित म्हणते. पण बरगडीखालचा मज्जातंतू पगार पाहून दुखत नाही. उलट भाताची लावणी करणाऱ्याला किंवा यंत्रावर माल चढवणाऱ्याला खांदा आणि हात टेबलाशी बसून काम करणाऱ्यापेक्षा जास्त लागतात. म्हणून निव्वळ रुपयांचा हिशेब इथे अपुरा पडतो.

आणखी एक गोष्ट त्यात येत नाही, ती म्हणजे खाट. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि देशभरातून तिथे रुग्ण येतात. अशा ठिकाणी १०० रुग्णांचा प्रत्येकी एक दिवस वाचला तर १०० खाट-दिवस मोकळे होतात. चार दिवसांच्या मुक्कामाने मोजले तर आणखी २५ रुग्णांची सोय होते. रांगेतल्या त्या पंचवीस जणांना काय मिळाले, हे कुणाच्याच बिलावर छापलेले नसते.

पैसे कुणाच्या खिशातून?

खर्च किती हे पाहिले. तो कुणी सोसायचा हेही महत्त्वाचे आहे. राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करून वार्षिक मर्यादा ५ लाख रुपये केली. अशा योजनांत रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी ठरावीक रक्कम मिळते. रक्कम ठरलेली असली की महाग काडतूस वापरण्याचा भुर्दंड रुग्णालयाला बसतो आणि लवकर कामावर गेल्याचा फायदा रुग्णाच्या घराला होतो. खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. अशा वेळी स्वस्त पद्धतीकडे कल झुकला तर नवल नाही. म्हणून योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला थेट विचारावे की, सुचवलेली शस्त्रक्रिया या पद्धतीने योजनेत बसते का, आणि वरचे पैसे कशाचे घेणार आहात?

कारखान्यातल्या ज्या कामगारांना राज्य विमा लागू आहे त्यांना आजारपणात मजुरीचा काही भाग मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांसाठी अटी पूर्ण केल्यास ही मदत जास्त काळ मिळू शकते. कायद्याने कंत्राटी कामगारांनाही तो लागू होऊ शकतो, पण अनेकांना ते ठाऊक नसते. शेतकऱ्याला असे काहीच नाही. एकाच गावातल्या दोन घरांत एकाच शस्त्रक्रियेची किंमत वेगळी असते, ती अशी.

किंमत कमी करता येते का?

येते. वरच्या गणितात साहित्याचा जादा खर्च ६० ऐवजी ३० हजार करून पाहा. ७०० रुपये रोजाच्या मजुरासाठीही तफावत फक्त ५ हजारांवर येते. मग दुखणे कमी होण्याचे मोल एवढे आहे का, या प्रश्नाला बहुतेक घरे "हो" म्हणतील.

ते ३० हजार कुठून वाचतील? निष्णात सर्जन काही रक्तवाहिन्या छोट्या छेदातूनही दोऱ्याने किंवा साध्या क्लिपने बंद करतात, त्यामुळे काडतुसे कमी लागतात. भारतीय कंपन्याही आता असे स्टेपलर बनवतात. आणि तिसरा मार्ग एकत्र खरेदीचा. देशातल्या कर्करोग रुग्णालयांचे राष्ट्रीय कर्करोग ग्रिड हे जाळे २०१२ साली उभे राहिले. त्यातल्या काही रुग्णालयांनी ४० औषधांची खरेदी एकत्र वाटाघाटी करून केली, तेव्हा सुमारे ८० टक्के बचत झाली. औषधाचा रेणू तोच, कारखाना तोच. फक्त गिऱ्हाईक एकटे राहिले नाही. भाजीबाजारात अख्खी पाटी घेणाऱ्याला भाव वेगळा मिळतो, हे मुलांना ठाऊक असतेच.

सर्वात महाग काय?

इथवर आपण धरून चाललो की रोग लवकर सापडला. प्रत्यक्षात तेच दुर्मीळ आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ८१ हजार लोकांना फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि सुमारे ७५ हजार त्याने मरतात. हे दोन आकडे इतके जवळ का? कारण बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात पोचतात. तेव्हा मोठे छिद्र की छोटे हा प्रश्नच बहुधा उरत नाही. मग किरणोपचार, रसायनोपचार आणि नवी औषधे. यांतल्या काही औषधांच्या एका मात्रेची छापील किंमत लाखाच्या घरात असते आणि अशा अनेक मात्रा लागतात.

उशिराच्या कारणांत पुन्हा क्षय येतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे, क्ष-किरण चित्रात डाग, ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखी. क्षय जास्त आढळतो म्हणून आधी त्याचा विचार करणे चूक नाही. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ डाग पाहून औषधे सुरू झाली असतील आणि महिना-दीड महिन्यात फरक पडत नसेल, तर पुढच्या तपासण्यांबद्दल विचारायलाच हवे. सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी यांतूनच उत्तर मिळते. महिनोन् महिने चुकीचे औषध घेत राहणे हा या रोगातला सर्वात महाग खर्च आहे, मग ते औषध फुकट मिळत असले तरी.

क्षय आणखी एका प्रकारे आडवा येतो. जुना क्षय बरा झालेला असला तरी फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले राहू शकते. दुर्बीण आत घातल्यावर ते आक्रसत नाही, हत्यारांना जागा मिळत नाही आणि कधी कधी दुर्बीण बाजूला ठेवून छाती उघडावीच लागते. याला अपयश समजू नये. तो सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. याकोबेउसने शंभर वर्षांपूर्वी दुर्बिणीतून जे पट्टे तोडले, तेच आज आपल्याकडच्या सर्जनसमोर पुन्हा उभे राहतात.

विडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वात मोठे कारण. पण चुलीचा धूर, हवेचे प्रदूषण आणि ॲस्बेस्टॉसची धूळ यांचाही वाटा असतो, आणि कधीही न ओढणाऱ्यांनाही, विशेषतः स्त्रियांना, हा रोग होतो. "ती तर विडी ओढत नव्हती" म्हणून खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये.

वर्गात करून पाहण्याजोगे

१. प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूड कापून तिथे रबरी पडदा ताणा, आत फुगा बसवा. पडदा खाली ओढला की फुगा फुगतो. आता बाटलीच्या बाजूला खिळ्याने छिद्र पाडा आणि पुन्हा पडदा ओढा. फुगा का फुगत नाही?

२. शस्त्रक्रियेनंतर छातीतली हवा बाहेर पडावी पण परत आत जाऊ नये म्हणून एक नळी बाटलीतल्या पाण्यात बुडवून ठेवतात. स्ट्रॉ आणि पाण्याचा पेला घेऊन ही एकाच दिशेने चालणारी झडप करून दाखवा. नळीतून बुडबुडे येणे थांबले की फुप्फुसातली गळती थांबली असे समजतात. रुग्णाला घरी कधी सोडायचे हे पुष्कळदा लाखोंच्या यंत्रापेक्षा ही बाटलीच ठरवते.

३. वरचा हिशेब मुलांना आपापल्या परिसरातले रोज आणि भाडे घालून करायला सांगा. तळेगाव, पुणे किंवा परळला जाण्यायेण्याचा खर्चही त्यात धरा. कोणता आकडा बदलला की बाकी सर्वात जास्त हलते ते शोधू द्या.

४. शेवटी दोन स्तंभ करायला सांगा: "पैशांत मोजता येते" आणि "पैशांत मोजता येत नाही". दुसऱ्या स्तंभात काय लिहायचे हे मुलांवर सोडा. आणि त्या कागदाखाली एक ओळ मात्र सर्वांनी लिहावी: दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला तपासून घ्यायचा. थुंकीची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. या सगळ्या हिशेबातला हा सर्वात स्वस्त आकडा आहे.